धागा: नाताळचा सेल आणि आमचा नाताळ

गव्हाणी (धागाकर्ती)

मी नागपूरची मराठी ख्रिस्ती. आमच्या घरी प्रार्थना मराठीत होते, भजनं ढोलकी-झांजेवर होतात आणि नाताळात करंज्या, शंकरपाळे, चिवडा, अनारसे असा फराळ होतो. केकही असतो, पण शेजाऱ्यांकडे ताट जातं ते फराळाचं. हे आधी सांगते, कारण माझा राग इथूनच सुरू होतो.

यंदा दिवाळीचे आकाशकंदील पुरते उतरले नव्हते, तेवढ्यात शहरातल्या मोठ्या दुकानांत सांता उभे राहिले. कापसाचा बर्फ, प्लॅस्टिकचं झाड, दिवसभर इंग्रजी गाणी, ‘दोनवर एक मोफत’च्या पाट्या. ज्याचा जन्म साजरा करायचा ते बाळ कुठेच नाही. एका दुकानात गव्हाणीचा देखावा आहे का म्हणून विचारलं, तर “त्याला मागणी नसते, आम्ही ठेवत नाही,” असं उत्तर मिळालं.

आमच्या चर्चमध्ये नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनाचे असतात. हा वाट पाहण्याचा, मन आवरण्याचा काळ. सण सुरू होतो २५ डिसेंबरला आणि ६ जानेवारीपर्यंत चालतो. बाजाराचं चक्र नेमकं उलटं फिरतं. वाट पाहायच्या दिवसांत तो ओरडून ओरडून विकतो आणि खरा सण सुरू झाला की २६ ला सगळं उतरवून थर्टी फर्स्टच्या पार्टीचे फलक लावतो. आमच्या घरी पाहुणे यायला लागतात तेव्हा शहराच्या लेखी नाताळ संपलेला असतो.

हेही मी सोसलं असतं. पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, रेल्वेतले, दवाखान्यातले, शाळेतले लोक आहेत, तशाच घरकाम करणाऱ्या बायाही आहेत. मागच्या वर्षी त्यांच्यातली एक नाताळच्या उपासनेला आलीच नाही. नंतर कळलं, पोरांना नवे कपडे घेता आले नव्हते आणि जुन्या कपड्यांत त्यांना आणायला तिला लाज वाटली. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मरिया-योसेफाला उतारशाळेत जागा मिळाली नाही, बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवावं लागलं आणि ती बातमी पहिल्यांदा रानात राखण करणाऱ्या मेंढपाळांना कळली. त्या बाळाच्या वाढदिवसाला एक आई कपड्यांपायी घरी बसते. हे कुणी केलं? जाहिरातीतला ख्रिस्ती माणूस नेहमी पैसेवाला, सुटाबुटातला, इंग्रजी बोलणारा असतो. वर्षानुवर्षं तेच पाहून आमची पोरंही नाताळ म्हणजे तसंच काहीतरी समजायला लागली आहेत.

तुमच्या घरी, शाळेत, वस्तीत काय चाललंय ते लिहा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

धरमपेठची_आई

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण डिसेंबर आला की माझ्याही पोटात गोळा येतो. लेक केजीत आहे. शाळेच्या ग्रुपवर निरोप आलाय की लाल पोशाख, टोपी आणि दाढी ‘शक्यतो’ घालून पाठवा. शिवाय ‘सीक्रेट सांता’साठी भेटवस्तू, छान वेष्टनात. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची नात आरटीईच्या २५ टक्क्यांतून त्याच वर्गात आहे. मावशी मला विचारत होत्या, त्या दिवशी बरं नाही म्हणून कळवलं तर चालेल का. चार-पाच वर्षांची पोर, आणि सणाच्या दिवशी तिला आजारी पाडायचं!

शाळेशी बोलायचं म्हणते. पण हा सण माझा नाही, मी बोलले तर उगाच वेगळा अर्थ निघेल अशी भीती वाटते. तुम्ही सांगा, काय मागू?

गव्हाणी

अवश्य बोला. गव्हाणीचं छोटं नाटुकलं करू द्या म्हणा. मेंढपाळाला घोंगडी आणि काठी, मरियेला आईची ओढणी, देवदूताला पांढरा सदरा. सगळं घरात असतं. वर्गात मुलं कितीही असोत, मेंढपाळ आणि मेंढरं लागतील तेवढी वाढवता येतात, त्यामुळे कुणी बाहेर राहत नाही. भेटवस्तूच द्यायची तर मुलांनी हातानं केलेलं कार्ड. त्या नातीला मेंढपाळ करा, आणि शाळेला सांगा की एका ख्रिस्ती बाईनं सुचवलं आहे.

रोखठोक_नागपूरकर

मुळात हा सण आपल्या शाळांत हवाच कशाला? धागा काढणाऱ्या ताई स्वतः ख्रिस्ती असून वैतागल्या आहेत. बाहेरून आलेलं खूळ आहे. एकदाच बंद करून टाका, सगळ्यांची सुटका.

गव्हाणी

दादा, माझ्या बोलण्याचा हा अर्थ काढू नका. माझा सण बाजारानं ओरबाडला म्हणून मी रडते आहे, सण नको म्हणून नाही. आमची कितवी तरी पिढी या मातीत पुरलेली आहे. मी बाहेरची नाही आणि माझा नाताळही नाही. शाळेत दिवाळी, ईद, बुद्धपौर्णिमा, नाताळ सगळं व्हावं असं मला वाटतं. फक्त ते करताना कुणाच्या आईला उसनवारी करावी लागू नये.

पुण्यातून_पाहणारा

थोडं दुसऱ्या बाजूनं. आमच्या लहानपणी नाताळ म्हणजे दहा दिवसांची सुट्टी, एवढंच. ख्रिस्ती मित्र नव्हता, चर्च आतून पाहिलं नव्हतं. आज माझी मुलगी निदान विचारते तरी की हा येशू कोण. हे त्या दुकानांतल्या झगमगाटामुळेच झालं. लाल टोपी घालून पोरं हसतात त्यात वाईट काय? आणि सांता तर कोका-कोलानं १९३१ साली जन्माला घातलेला, त्याचा धर्माशी संबंधच नाही. त्याला वेगळा ठेवून निव्वळ मजा म्हणून बघता येणार नाही का?

जुनं_नागपूर

सांताबद्दलची ही समजूत सगळीकडे आहे, पण ती पूर्ण खरी नाही. १९३१ पासून हॅडन संडब्लॉम या चित्रकारानं त्या कंपनीच्या जाहिरातींसाठी गुबगुबीत, लाल डगल्यातला सांता रंगवला आणि जगभर तोच चेहरा ठरून गेला, हे बरोबर. मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८६३ पासून, थॉमस नास्ट हा व्यंगचित्रकार अमेरिकी साप्ताहिकात सांता काढत होता. लाल डगलाही त्या जाहिरातींच्या आधीचा. मूळ माणूस संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला बिशप. हुंड्याला पैसे नव्हते अशा तीन बहिणींच्या घरात त्यानं रात्री गुपचूप पैशाच्या थैल्या टाकल्या अशी कथा आहे. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. म्हणजे धर्माशी संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. नाव न सांगता गरिबाच्या घरी देणारा माणूस दुकानाच्या दारात विकायला उभा केला, हा बदल मला फार मोठा वाटतो.

धागाकर्तींना नागपूरची एक गोष्ट सांगतो. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाला ओलांडताना ते बुडाले, आणि १८८३ पासून त्यांच्या नावाचं कॉलेज या शहरात आहे. ते ज्या स्कॉटिश परंपरेतून आले तिथे नाताळ पाळतच नसत. शास्त्रात या सणाची आज्ञा नाही, शिवाय त्यात खाणंपिणं आणि उधळपट्टी फार, असं तिथल्या सुधारकांचं म्हणणं होतं. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८ साली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, नागपुरात, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तेव्हा स्कॉटिश वळणाच्या मंडळ्या आणि नाताळ थाटात करणाऱ्या अँग्लिकन मंडळ्या एका छताखाली आल्या. साधेपणाचा आग्रह नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासात अगदी पायापासून आहे. तो परका नाही.

संत्र्याचंही सांगून टाकतो. युरोपात मुलांच्या नाताळच्या मोज्यात संत्रं ठेवायची जुनी रीत आहे, कारण त्या थंडीत ते नवलाईचं फळ. आपल्याकडे अंबिया बहाराची संत्री याच दिवसांत गाड्यांवर असतात. धरमपेठच्या ताईंनी शाळेत सीक्रेट सांताऐवजी हे सुचवून पाहावं.

सेमिनरी_हिल्स

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे आगमनकाळात फादरांचा झगा जांभळा असतो, मिस्सात (उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत. तो थेट नाताळच्या रात्री घुमतो. इतके आठवडे मुद्दाम गप्प राहिल्यामुळे त्या रात्री तो ऐकताना अंगावर काटा येतो. आता मुलांना तो काटा येत नाही, कारण नोव्हेंबरपासून प्रत्येक लिफ्टमध्ये, प्रत्येक दुकानात नाताळची गाणी त्यांच्या कानावर आदळत असतात.

गव्हाणीबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसनं खऱ्या गवताची गव्हाणी मांडली, जवळ बैल आणि गाढव उभे केले. लोकांना ते दारिद्र्य डोळ्यांनी दिसावं म्हणून. लहानपणी आमच्या वस्तीत डिसेंबर लागला की आम्ही पोरं तणस मागायला फिरायचो, विटा-माती गोळा करायचो, डब्यात मोहरी पेरून हिरवळ उगवायचो. मोहरी उगवेपर्यंतचे दिवस म्हणजेच आमचा आगमनकाळ. थोरला भाऊ डोंगर करायचा, मी तळ्याला आरशाचा तुकडा लावायची, आणि बाळाची मूर्ती आई २४ च्या रात्रीपर्यंत कपाटात ठेवायची. आम्ही कितीही हट्ट केला तरी काढायची नाही. आता थर्माकोलची तयार गव्हाणी मिळते, बाळासकट चिकटवलेली. पेटीतून काढा, वायर लावा, झालं. मला त्या चिकटवलेल्या बाळाचं फार वाईट वाटतं. वाट पाहायला जागाच उरली नाही.

इतवारीवाला

ताई, मी सजावटीच्या सामानाचा धंदा करतो. तुमचं वाचलं अन् मनाले लागलं, म्हणून लिहून राहिलो. आमचा वर्षाचा फेरा असा असते: संक्रांतीले पतंग, होळीले पिचकाऱ्या, मंग राखी, तान्हा पोळा, गणपती, दिवाळी अन् शेवटी नाताळ. दिवाळीचा माल किती बी इकला तरी कोपऱ्यात उरतेच, पैसा त्यात अडकून राहते. नाताळचा माल त्याच्यातून थोडा मोकळा करून देते. टोप्या, चांदण्या, झाडं हे सारं ठोकमध्ये बाहेरून येते. ऑर्डर दिवाळीच्या आधीच द्या लागते, म्हणून दिवाळी सरली का आम्ही लगेच लटकवतो. २५ च्या सांजेले भाव अर्ध्यावर येते, २६ तारखेले कोणी इचारत नाही. उरलं ते गोदामात. दोन पोरं कामाले आहेत, त्यायचा पगार याच्यातूनच निघते.

पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. तान्ह्या पोळ्याचं बी तसंच झालं. आधी सुतार लाकडाचा नंदी करून दे, तोच नंदी लेकरू वर्सानुवर्स ओढत ने, दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागे. आता मोठमोठे नंदी, सजावटीच्या स्पर्धा, बक्षिसं. ज्याचा नंदी लहान ते लेकरू मांगं उभं राहते. गव्हाणीच्या मूर्त्या मी ठेवत नव्हतो, कारण कोणी मागतच नव्हतं. कुंभारवाड्यात मातीच्या करून घेतल्या तर तुमच्या लोकायपैकी कोणी घेईल का? धंद्याचं इचारून राहिलो, पण मनापासून इचारून राहिलो.

गव्हाणी

भाऊ, नक्की घेतील. मातीच्या असतील, सुट्या असतील आणि दर वर्षी एक-एक घेऊन संच वाढवता येत असेल, तर मी स्वतः दहा घरांना सांगेन. बाळ तेवढं वेगळं असू द्या, सेमिनरी हिल्सच्या ताईंसाठी. तुमच्या दुकानावर माझा राग नाही. पोट भरायला विकणं आणि लोकांना कमीपणा वाटायला लावून विकणं, यात मला फरक दिसतो.

पुण्याच्या दादांना: तुमची मुलगी विचारते याचा मला आनंद आहे. तिला आमच्याकडे घेऊन या. येशू कोण हे दुकानात कुणी सांगणार नाही. माझी आजी असती तर तिनं ना. वा. टिळकांचं भजन म्हणून सांगितलं असतं.

जुनं_नागपूर

टिळकांचं नाव निघालंच आहे तर राहवत नाही. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना बायबलमधला नवा करार वाचायला दिला, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्ताला अभंग आणि ओवीत आणलं, ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. ज्या शहराच्या स्टेशनातून ती गाडी सुटली, त्या शहरात नाताळच्या दिवशी लाउडस्पीकरवर एकही मराठी ख्रिस्ती भजन ऐकू येऊ नये, ही गोष्ट मला ख्रिस्ती नसूनही टोचते.

निळी_सकाळ

बाजार म्हटलं की मला दीक्षाभूमी आठवते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, आणि दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. बाजार तिथेही भरतो आणि चांगला मोठा भरतो. पण त्यात पुस्तकांचे स्टॉल किती! खेड्यातून आलेला, हातात एकच पिशवी असलेला माणूस परत जाताना पुस्तक घेऊन जातो. माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं, तरी ते घ्यायचे आणि बाबांकडून वाचून घ्यायचे.

म्हणून मला वाटतं, सणाच्या आसपास दुकानं लागणारच, ती हटवायच्या मागे लागू नये. दुकानात काय मांडलं जातं हे ज्यांचा सण आहे त्यांनी ठरवावं. आमच्याकडे ते लोकांनी ठरवलं, कारण तिथे येणाऱ्याला काय हवं हे पक्कं ठाऊक होतं. तुमच्या चर्चच्या आवारात नाताळच्या आठवड्यात भजनांच्या पुस्तिका, मातीच्या मूर्ती, बायकांनी केलेला फराळ असं काही लावता येणार नाही का? इतवारीच्या भाऊंचा माल तिथेच खपेल. आणि ज्या ताई कपड्यांमुळे आल्या नाहीत, त्यांच्या हातच्या करंज्या मी घेईन.

गव्हाणी

ही गोष्ट पाळकसाहेबांपुढे मांडते. फराळाचं काम त्या ताईंनाच द्यायचं, हे तर मला फारच पटलं. पण उपासनेला साध्या कपड्यांत यायचं हे आधी आम्ही सुस्थितीतल्यांनी सुरू करायला हवं. मी आणि माझ्या बहिणीनं ठरवलं आहे, यंदा नवी साडी नाही. कुणाला उपदेश न करता नुसतं तसं जाऊन बसायचं.

शिफ्टवाला

हा धागा रात्री बाराला घरी येऊन वाचतोय. मी ख्रिस्ती आहे, मेकोसाबागेत वाढलो. एका मोठ्या दुकानात विक्रीच्या कामावर आहे, नाव लिहीत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आमच्याकडे कुणालाच रजा मिळत नाही. २४ ला रात्री उशिरापर्यंत आणि २५ ला सकाळपासून पूर्ण दिवस. डोक्यावर लाल टोपी घालायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘मेरी ख्रिसमस’ म्हणायचं. गेल्या वर्षी माझी आई, बायको, पोरगी तिघी चर्चला गेल्या आणि मी टोपी घालून बिलं करत होतो. पोरीनं फोनवर विचारलं, “पप्पा, तुमच्याकडे नाताळ आहे का?” तिला काय सांगणार होतो?

सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणतात, नाताळ आहे म्हणूनच तर गर्दी आहे. माझ्यासोबत काम करणारी मुसलमान मुलं ईदला हीच रडगाणी सांगतात. यंदाही नाव लागलंय. कुठे पहाटेची उपासना असेल तर सांगा, दहाला दुकानात पोचायचं आहे.

गव्हाणी

भाऊ, आमच्या मंडळीत २५ ला पहाटे साडेपाचला उपासना आहे, सात-सव्वासातपर्यंत आटपते. पोरीला घेऊन या. पत्ता निरोपात पाठवते. तिथूनच डबा घेऊन कामाला जा.

धरमपेठची_आई

शिफ्टवाले दादा, आधी बोलले नाही, पण मी वकिली करते, म्हणून कामाचं लिहिते. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे आणि तुमच्यासारख्या मोठ्या दुकानाला तो लागू होतो. त्यानुसार कामगाराला वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी आपसांत ठरवायच्या असतात. अशा सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली रजा द्यावी लागते.

बऱ्याच ठिकाणी त्या चार सुट्ट्या कामगारांना न विचारताच कागदावर भरल्या जातात. तुमच्याकडे २५ डिसेंबर त्या यादीत आहे का, ते आधी बघा. असेल तर यंदाचे दुप्पट पैसे आणि बदली रजा लेखी मागा. नसेल तर पुढच्या वर्षाची यादी ३१ डिसेंबरच्या आत ठरायला हवी, म्हणजे अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. एकट्यानं देऊ नका. तुमचे मुसलमान सहकारी ईदसाठी आणि तुम्ही नाताळसाठी, एकाच अर्जावर सह्या करा. मसुदा मी मराठीत करून देते, पैसे नकोत. यादी मिळाली की फोटो पाठवा.

शिफ्टवाला

यादी नोटीस बोर्डावर आहे, कधी वाचली नव्हती. उद्या दुपारच्या सुट्टीत फोटो काढून पाठवतो. सह्यांसाठी चार जण आत्ताच तयार आहेत.